निर्दोष कुणाला म्हणायचे? ‘अमोमोस’ या ग्रीक शब्दाची अडीच हजार वर्षे

१/
पुण्याच्या नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ, ‘सिटी चर्च’ आहे. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील पोर्तुगीज ख्रिस्ती अधिकाऱ्यांसाठी दिलेल्या जागेवर १७९२ साली ते उभे राहिले. बोलण्यात ते सिटी चर्च असले, तरी त्याचे खरे नाव ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ म्हणजे निष्कलंक गर्भसंभव. पणजीतील नागमोडी पायऱ्यांवरच्या पांढऱ्याशुभ्र चर्चचेही नाव हेच. या नावातील ‘इमॅक्युलेट’ या शब्दामागे एक ग्रीक शब्द उभा आहे : ‘अमोमोस’. आजचा थ्रेड त्या शब्दाविषयी.

२/
आधी एक गैरसमज दूर करू. ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ म्हणजे येशूचा कुमारीच्या पोटी झालेला जन्म नव्हे. हा सिद्धान्त मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाविषयी आहे. आदिपापाचा डाग तिला आरंभापासूनच लागला नाही, असे तो सांगतो. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी तो अधिकृतपणे घोषित केला. सण मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पाळला जात होता. म्हणूनच पुण्यातील चर्च घोषणेपेक्षा बासष्ट वर्षांनी जुने असूनही हेच नाव धारण करते.

३/
लॅटिनमध्ये ‘माक्युला’ म्हणजे डाग. ‘इमाक्युलातुस’ म्हणजे ज्यावर डाग नाही तो. लॅटिन बायबलात, उदाहरणार्थ इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, हा शब्द जेथे येतो तेथे मूळ ग्रीकमध्ये ‘अमोमोस’ आहे. पण ग्रीक शब्दात डाग नाही. तेथे आहे ठपका. ठपक्याचा डाग कसा झाला, मधल्या काळात त्या शब्दाने कोणत्या वेदीचा धूर अंगावर घेतला, आणि अखेर मराठीत येताना त्याच्यापुढे कोणता पेच उभा राहिला, हे पाहण्यासारखे आहे.

४/
ग्रीक पुराणकथांत ‘मोमोस’ नावाचा एक देव आहे. हेसिओदच्या वंशावळीत तो रात्रीचा पुत्र. त्याचे काम एकच : दुसऱ्याच्या कामात खोट काढणे. इसापाच्या नावावरील एका कथेत झ्यूस बैल घडवतो, प्रोमेथियस माणूस घडवतो आणि अथेना घर बांधते. परीक्षक म्हणून मोमोसला बोलावतात. बैलाचे डोळे शिंगांवर हवे होते, म्हणजे टक्कर कुठे देतो ते त्याला दिसले असते. माणसाचे मन बाहेर दिसेल असे हवे होते. घराला चाके हवी होती, म्हणजे शेजार वाईट निघाला तर हलता आले असते. संतापलेल्या झ्यूसने त्याला देवलोकातून हाकलून दिले.

५/
या मोमोसच्या नावामागे नकाराचा ‘अ’ लावला की ‘अमोमोस’ तयार होतो. म्हणजे असे काहीतरी, ज्यात मोमोसलाही खोट सापडणार नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस हा शब्द एका कायद्यासाठी वापरतो. प्रत्येकाने आपल्या उपजीविकेचे साधन दरवर्षी अधिकाऱ्यासमोर जाहीर करावे, असा कायदा इजिप्तच्या अमासिस राजाने केला आणि अथेन्सच्या सोलोनने तो उचलला. हेरोडोटसच्या मते तो ‘अमोमोस’ कायदा. येथे शब्दाचा अर्थ नाव ठेवायला जागा नसलेला, एवढाच आहे. त्यात पाप नाही, पूजा नाही. निर्णय सर्वस्वी पाहणाऱ्याच्या हाती आहे.

६/
शब्दाला वळण मिळाले ते अलेक्झांड्रियात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून तेथील यहुदी विद्वानांनी आपले हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली. परंपरा त्या भाषांतराला ‘सत्तरांचे भाषांतर’ म्हणते. हिब्रूत ‘मूम’ असा एक शब्द आहे. अर्थ : शरीरातील व्यंग. भाषांतरकारांनी त्यासाठी ग्रीक ‘मोमोस’ निवडला. दोन शब्दांचे मूळ एक नाही. पण उच्चार इतके जवळचे की ही निवड कानाने सुचवलेली असावी, असे भाषाभ्यासक मानतात. या निवडीने ठपका देहात उतरला.

७/
लेवीय ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात बलीच्या पशूंविषयी नियम आहेत. आंधळा, मोडक्या अवयवाचा, जखमी, खरूज झालेला पशू वेदीवर चालत नाही. एक अध्याय आधी याच कसोट्या याजकांनाही लावल्या आहेत. अहरोनाच्या वंशात जन्मलेला असला तरी आंधळ्या, लंगड्या वा कुबड्या पुरुषाने अर्पण करायला पुढे यायचे नाही. त्याला पवित्र अन्न खाता येते, वेदीजवळ मात्र जाता येत नाही. ग्रीक वाचकासमोर हे सारे ‘मोमोस’ या एकाच शब्दाने येते. आता ‘अमोमोस’ म्हणजे ज्याच्या देहात वैगुण्य नाही, म्हणून जो वेदीला चालतो, तो.

८/
व्यंग आहे की नाही हे ठरवायला कुणीतरी हवेच. पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्ववेत्ता फायलो ‘मोमोस्कोपोय’ नावाच्या लोकांचा उल्लेख करतो. शब्दशः व्यंग-निरीक्षक. बळी देण्याआधी पशूची पाहणी करणे हे त्यांचे काम. पुढे आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी हा शब्द उचलला. रोमच्या क्लेमेंटचे म्हणून ओळखले जाणारे पत्र मंदिरातील अशा तपासणीचा दाखला देते. स्मर्नाचा बिशप पोलिकार्प तर विधवांना उपदेश करताना देव सर्व काही असेच तपासतो असे म्हणतो. पशू पाहणारी नजर माणसाच्या अंतःकरणाकडे वळली ती अशी.

९/
हिब्रूत व्यंग नसलेल्या पशूसाठी ‘तामीम’ हे विशेषण येते. अर्थ : अखंड, पुरता, सगळा. गंमत अशी की हेच विशेषण माणसांनाही लागते. नोहा तामीम होता. अब्राहामाला देव तामीम हो असे सांगतो. ग्रीक भाषांतरकारांना एवढे सगळे एका शब्दात मावेना. वेदीच्या पशूला त्यांनी बहुतेक ठिकाणी ‘अमोमोस’ म्हटले, नोहाला ‘तेलेयोस’ म्हणजे परिपूर्ण, आणि अब्राहामाला ‘अमेम्प्तोस’ म्हणजे ज्याची तक्रार करता येणार नाही असा. वल्हांडणाच्या कोकराला मात्र नोहाचेच ‘तेलेयोस’ लावले. एका हिब्रू शब्दाच्या तीन ग्रीक वाटा झाल्या.

१०/
‘अमोमोस’ला नैतिक अर्थ ख्रिस्ती धर्माने दिला, असे अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. स्तोत्रसंहितेतील पंधरावे स्तोत्र देवाच्या डोंगरावर कोण राहील असा प्रश्न विचारते. उत्तरात धडधाकट शरीराचा उल्लेख नाही. तेथे आहेत सत्य बोलणे, शेजाऱ्याचे वाईट न करणे, व्याजाने पैसे न लावणे, लाच न घेणे. असे चालणाऱ्यालाच ग्रीक पाठ ‘अमोमोस’ म्हणतो. म्हणजे वेदीचा शब्द आचरणाकडे आणण्याचे काम यहुदी परंपरेत आधीच झाले होते. ११९वे स्तोत्रही याच शब्दाच्या अनेकवचनाने सुरू होते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्या स्तोत्राला ‘अमोमोस’ याच नावाने ओळखतात आणि अंत्यविधीत ते गातात.

११/
नव्या करारात हा शब्द प्रमाण ग्रीक पाठानुसार आठ वेळा येतो. दोनदा तो ख्रिस्ताविषयी आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताची उपमा अमोमोस कोकराला दिली आहे. इब्री लोकांस पत्रात ख्रिस्त स्वतःलाच अमोमोस असा अर्पण करतो. दुसऱ्या वाक्यात एक मोठी उलथापालथ आहे. मंदिरात अर्पण करणारा वेगळा, अर्पिला जाणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. येथे याजक आणि बळी एकच झाले आहेत. शिवाय क्रुसावर दिलेल्या माणसाचा देह फटक्यांनी फाटलेला, खिळ्यांनी भोसकलेला असतो. लेवीयाच्या यादीप्रमाणे पाहिले तर तो वेदीला कधीच चालला नसता. त्याच देहाला ‘अव्यंग’ म्हणणे म्हणजे शब्दाचा जुना अर्थ ठेवून त्याचा निकष बदलणे होय.

१२/
उरलेल्या सहा ठिकाणी हा शब्द अनुयायांविषयी आहे. त्यांत गुलाम होते, बायका होत्या, आजारी होते, परजातीचे होते. यरुशलेमच्या मंदिराच्या आतल्या अंगणात ज्यांना पाऊल टाकता आले नसते, अशांना इफिसकरांस पत्र सांगते की तुमची निवडच मुळी अमोमोस होण्यासाठी झाली. येथे देहाची अट पूर्ण गळून पडली आहे. राहिली आहे ती वेदीची दिशा : कुणासमोर तरी उभे केले जाण्याची कल्पना. ग्रीक वाक्यात ‘त्याच्या समोर’ हे शब्द मुद्दाम येतात. लोक काय म्हणतील हा हेरोडोटसच्या काळातला निकष मागे पडतो.

१३/
याचे सर्वांत धारदार उदाहरण फिलिप्पैकरांस पत्रात आहे. अनुवाद ग्रंथातील मोशेच्या गीतात इस्राएलाला खडसावताना ग्रीक पाठ ‘खोट असलेली मुले’ अशी संज्ञा वापरतो. त्यासाठीचे विशेषण ‘मोमेतोस’, म्हणजे मोमोसचाच भाऊबंद. पौल तेच वाक्य उचलतो, त्याच वाकड्या नि विपरीत पिढीचा उल्लेख ठेवतो, आणि मुलांसमोर फक्त नकाराचा ‘अ’ बसवतो. दूषित मुले अदूषित होतात. धर्मशास्त्र पाठ असलेल्या श्रोत्याला हा बदल तात्काळ जाणवला असणार.

१४/
‘अमोमोस’ एकटा नाही. त्याच्या शेजारी आणखी तीन ग्रीक शब्द राहतात. ‘अमेम्प्तोस’ : ज्याला कुणी बोल लावत नाही. लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्या आणि अलीशिबा या वृद्ध दांपत्याला तो लावला आहे. ‘अनेन्क्लेतोस’ : ज्याच्यावर आरोप दाखल नाही, हा कचेरीतला शब्द. चर्चमधील सेवकांच्या पात्रतेसाठी तो वापरला आहे. आणि ‘अनेपिलेम्प्तोस’ : ज्याला पकडायला जागा नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्षाच्या गुणांची यादी याच शब्दाने सुरू होते. थोडक्यात : एक शब्द वेदीचा, एक चावडीवरच्या चर्चेचा, एक न्यायालयाचा आणि एक पकडीचा.

१५/
हा भेद किरकोळ नाही, हे पौलाच्या आत्मकथनावरून कळते. फिलिप्पैकरांस लिहिताना तो आपली जुनी ओळख मोजून दाखवतो. आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परुशी पंथ. आणि नियमशास्त्राच्या दृष्टीने ‘अमेम्प्तोस’. म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. त्याच ओळीच्या आगेमागे तो हेही सांगतो की त्या काळात आपण मंडळीचा छळ करत होतो. नाव ठेवायला जागा नसलेला माणूस छळ करू शकतो. समाजाचे प्रमाणपत्र आणि खरे निर्दोषपण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याची इतकी उघड कबुली प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

१६/
या शब्दावरून पुढे भांडणेही झाली. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळी ही डाग नसलेली, सुरकुती नसलेली, अमोमोस वधू आहे. उत्तर आफ्रिकेतील डोनाटिस्ट पंथाने हे अक्षरशः घेतले. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंना चर्चमध्ये जागा नाही, कारण त्यांच्यामुळे वधू डागाळते, असे त्यांचे म्हणणे. ४११ साली कार्थेजच्या परिषदेत हा वाद समोरासमोर झाला. ऑगस्टिनचे उत्तर असे की ते वर्णन शेवटच्या दिवसाचे आहे. आजची मंडळी गहू आणि निदण मिसळलेले शेत आहे. निर्दोष म्हणजे पोहोचल्याचे ठिकाण की प्रवेशाची अट, हा त्या वादाचा गाभा होता.

१७/
आता मराठीकडे येऊ. विल्यम केरी आणि पंडित वैजनाथ यांच्या परिश्रमातून श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला. मुंबईतील अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये आपला नवा करार छापला आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल पूर्ण झाले. या सर्वांपुढे कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील एक वाक्य उभे राहिले असणार. तेथे पौल तीन विशेषणे एकापाठोपाठ ठेवतो : ‘हागियोस’, ‘अमोमोस’, ‘अनेन्क्लेतोस’. देवासाठी वेगळा काढलेला, वेदीला चालणारा, ज्याच्यावर फिर्याद नाही असा. तीन वेगळ्या दुनियांतले तीन शब्द, आणि भाषांतरकाराच्या हाती पवित्र, निर्दोष, निष्कलंक ही तीन जवळजवळ एकाच अर्थाची नाणी.

१८/
मराठीला शब्दांची वाण होती असे नव्हे. देहाच्या अर्थाने ‘अमोमोस’ला ‘अव्यंग’ इतका नेमका प्रतिशब्द इंग्रजीतही नाही. ‘अमेम्प्तोस’ला संस्कृतातून आलेले ‘अनिंद्य’ आणि ‘अनवद्य’ आहेत. ‘अनवद्य’ म्हणजे ज्याविषयी वाईट बोलता येत नाही. रचनेतही तो ग्रीक शब्दाचा जुळा वाटतो. ‘अनेन्क्लेतोस’ला ‘निरपराध’ बराच जवळ जातो. डागासाठी ‘निष्कलंक’. मात्र मराठी बायबलांच्या वाचकाच्या कानात घर केले ते ‘निर्दोष’ या शब्दाने. आणि ‘दोष’ हा मराठीतला फार गजबजलेला शब्द आहे. वैद्याकडे तो वात-पित्त-कफ असतो, ज्योतिषाकडे मंगळ असतो, न्यायालयात तो सिद्ध वा असिद्ध होतो.

१९/
आज ‘निर्दोष’ म्हटले की बहुतेकांना ‘निर्दोष मुक्तता’ आठवते. म्हणजे पुरावा पुरला नाही, सुटला. वेदीचा शब्द मराठीत न्यायालयात जाऊन बसला. ‘अव्यंग’ आणि ‘निर्व्यंग’ वधूवरांच्या जाहिरातीत गेले. तेथेही पाहणी करणारे आहेतच. फायलोच्या ‘मोमोस्कोपोय’ मंडळींना ते काम ओळखीचे वाटले असते. शब्दांचे असे स्थलांतर हा भाषेचा दोष नव्हे. पण भाषांतरकाराला शब्द उचलताना तो कुठल्या गर्दीतून उचलतो आहोत याचे भान ठेवावे लागते. हे भान सर्वांत तीव्रपणे ठेवलेल्या व्यक्तीचे नाव पंडिता रमाबाई.

२०/
पुण्याहून दौंडकडे जाणारी लोहमार्गाची गाडी हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत अशी स्थानके घेत केडगावला पोहोचते. याच केडगावात रमाबाईंचे ‘मुक्ति मिशन’. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. कुटुंब पुराणे सांगत भारतभर फिरले. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. संस्कृत तिच्या घरची भाषा होती. इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

२१/
बोल लावणे म्हणजे काय, हे रमाबाईंना दोन्ही बाजूंनी अनुभवायला मिळाले. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांच्या स्वतंत्र विचारांवर सतत शंका घेतली गेली. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. तेही अहंकाराचे लक्षण ठरले. इकडे पुण्यात १८९३ साली शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून ‘केसरी’ने झोड उठवली, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. चर्चला त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या, पुण्याला त्या पुरेशा विश्वासार्ह वाटत नव्हत्या. ‘अमेम्प्तोस’ ही पदवी त्यांना कुणीच दिली नसती.

२२/
पण त्यांच्या आश्रयाला आलेल्या स्त्रियांची गोष्ट याहून कठोर होती. १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात रमाबाईंनी लिहिले की नवऱ्याचा मृत्यू हा पत्नीच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानला जातो. दहा वर्षांची मुलगी, जिने नवऱ्याला धड पाहिलेलेही नाही, तिच्या कपाळी त्याच्या मरणाचा दोष. कृती नाही, आरोपपत्र नाही, तरी शिक्षा आहे. न्यायालयाच्या भाषेत ती निरपराधच. समाजाच्या भाषेत मात्र ती अशुभ, आणि हा ठपका केशवपनाने तिच्या देहावर उमटवला जाई. ठपका देहात उतरण्याची जी गोष्ट अलेक्झांड्रियात एका शब्दाबाबत घडली, ती येथे माणसांबाबत घडत होती.

२३/
१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या जवळ पोहोचली. ज्यांना जग ‘पतित’ म्हणे त्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ वेगळे उभारले. अंध मुलींच्या शिक्षणाची सोय झाली. लेवीयाच्या यादीतला पहिला शब्द ‘आंधळा’ हाच आहे, हे येथे आठवते. अशा श्रोत्यांसमोर ‘तुम्ही अमोमोस आहात’ हे वाक्य मराठीत वाचायचे होते. कोणत्या शब्दात?

२४/
विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रमाबाईंनी बायबलच्या स्वतंत्र भाषांतराचे काम हाती घेतले आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकून घेतल्या. प्रचलित भाषांतरावर त्यांचे आक्षेप दोन. एक, त्याची भाषा संस्कृतप्रचुर, खेड्यातील बाईला न समजणारी. दोन, त्यातील काही शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे आणि पूजाविधीचे अर्थ आधीच चिकटलेले. हे आक्षेप संस्कृत न येणाऱ्याने घेतले असते तर त्यात अडाणीपणा दिसला असता. येथे ते पदवीधारी पंडितेने घेतले होते. ‘अनवद्य’ हा शब्द तिला सहज सुचला असता. पण तो ऐकून दुष्काळातून आलेल्या मुलीला काय कळले असते?

२५/
खरा पेच येथेच आहे. नेमका शब्द घ्यावा तर तो पोथीतला. सोपा घ्यावा तर त्याला जुना वास. ‘अव्यंग’ म्हणावे तर अंध मुलगी पुन्हा दाराबाहेर. ‘सोवळे’च्या आसपास जावे तर विधवा आणि अस्पृश्य दोघीही बाहेर. ‘निष्कलंक’ म्हणावे तर कृपासदनातील स्त्रीला तो शब्द आपल्यासाठी नाही असेच वाटणार. ‘निर्दोष’ म्हणावे तर पत्रिकेतला दोष आणि कपाळीचा दोष दोन्ही जागे होतात. मूळ ग्रीक शब्दाने देहाची अट झटकून टाकायला काही शतके घेतली होती. मराठी शब्दांच्या अंगावर ती अट अजून ताजी होती.

२६/
रमाबाईंनी यावर कोशातून उत्तर शोधले नाही असे त्यांच्या एकूण कामावरून दिसते. त्यांनी शब्दाभोवतीचे जग बदलायला घेतले. ज्यांना अशुभ म्हटले गेले त्या स्त्रियांनी मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवले आणि धर्मग्रंथाची पाने छापली. धर्मग्रंथाचा विटाळ होईल म्हणून ज्यांना पोथीपासून दूर ठेवले जाई, त्यांच्याच हातांतून पोथी बाहेर पडत होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ भाषांवरून एका स्त्रीने केलेले असे संपूर्ण भाषांतर जगातही दुर्मीळ आहे.

२७/
शब्दाचा सगळा पल्ला आता एका नजरेत पाहता येतो. ग्रीसमध्ये ‘अमोमोस’ ठरवणारा होता टीकाकार. यरुशलेममध्ये ठरवणारा होता पशू तपासणारा. स्तोत्रांत निकष झाला शेजाऱ्याशी वागणे. नव्या करारात निकाल माणसांच्या हातून काढून घेतला गेला, म्हणून ज्यांच्यावर माणसांनी निकाल देऊन टाकला होता त्यांनाही तो शब्द मिळू शकला. कार्थेजमध्ये तोच शब्द पुन्हा दार बंद करण्यासाठी वापरायचा प्रयत्न झाला. लॅटिनने त्याला डाग दिला आणि पुण्याच्या नाना पेठेत त्याचे नाव चर्चवर लागले.

२८/
‘निर्दोष’ या शब्दाचा अर्थ विचारला की आपण कोश उघडतो. इतिहास दुसरा प्रश्न विचारायला शिकवतो : निर्दोष ठरवणार कोण, आणि कशाच्या आधारे? तपासणारा कुठे उभा आहे, हे कळल्याशिवाय त्या शब्दाचा अर्थ पुरा होत नाही. लेवीयाच्या वेदीपाशी तो पशूच्या डोळ्यांत पाहत होता. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात तो मुलीच्या कपाळाकडे पाहत होता. आज तो कुठे पाहतो, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या आसपास शोधावे.

(थ्रेड समाप्त)